अक्का आणि अर्धी फाइल

एका म्हशीच्या फोटोनं आमची अख्खी कंपनी आडवी पडलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. म्हैस साधीच होती. गडहिंग्लजकडच्या एका गोठ्यात उभी राहून वैरण चावता चावता कॅमेऱ्याकडे बघणारी, तोंडावर 'काय काम हाय?' असा भाव असलेली. तिचं नाव गंगी. फोटो काढला होता सुमन मगदूम यांनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, आणि तो आमच्या सॉफ्टवेअरला खाऊ घातला तोही अक्कांनीच.

सॉफ्टवेअरला म्हैस कशी खाऊ घालतात, असं तुम्ही विचारणार. मीही विचारलं होतं. तेव्हा माझ्या हातात चहा होता आणि तो बराच वेळ तसाच हातात राहिला.

आमची कंपनी कोल्हापुरात उद्यमनगरात, एका लेथच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली लेथ सुरू झाला की वर टेबलावरचे कप आपापल्या मर्जीनं सरकायचे. काम होतं दुधावर नजर ठेवायचं. गावोगावी दूध संघाची शीतकरण केंद्रं असतात. तिथं स्टीलच्या मोठ्या टाकीत गावाचं दूध थंड ठेवतात. त्या टाकीला आमचा एक डबा जोडलेला असायचा. डबा मिनिटामिनिटाला दुधाचं तापमान टिपायचा आणि तासातासानं त्या नोंदींची एक फाइल संघाच्या मुख्य ऑफिसात पाठवायचा. ती फाइल माणसानं उघडली तर नुसती खडी-वाळू दिसणार. ती यंत्राच्या भाषेतली. आमचं सॉफ्टवेअर ती वाचायचं आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एकेका केंद्राचा हिरवा ठिपका दाखवायचं. दूध तापायला लागलं की ठिपका लाल आणि घंटा. एवढंच. पण त्या ठिपक्याच्या जिवावर संघाची माणसं निवांत झोपायची.

माझं काम विक्रीचं आणि बसवणीचं. म्हणजे गिऱ्हाइकासमोर हसायचं आणि डबे भिंतीला ठोकायचे. सॉफ्टवेअर लिहायचा प्रसाद, हुशार, पण जरा लवकर दुखावणारा. मालक इंगवले साहेब. आणि प्रसादनं लिहिलेलं मोडून बघायचं काम अक्कांचं. त्यांना त्याचा पगार मिळायचा, हे ऐकून माझ्या आईनं तोंडावर पदर धरला होता.

तर म्हैस. एका सकाळी अक्कांनी गंगीचा फोटो घेतला, त्याचं नाव बदलून केंद्राच्या फाइलीसारखं ठेवलं आणि जिथं केंद्रांच्या फाइली येऊन पडतात तिथं टाकला. पडदा क्षणभर थबकला. मग सगळे हिरवे ठिपके एकदम गायब. पडदा काळा. कॉम्प्युटरचा पंखा असा ओरडायला लागला की खालचा लेथवाला जिन्यातून वर डोकावला.

"अक्का, काय केलंत?" प्रसादचा आवाज चिरकला.

"म्हस घातली."

"म्हस?"

"म्हस. तुझं हे काय करतंय, फाइलीच्या डोक्यावर जो आकडा असंल, तेवढ्या नोंदी आत हायत असं समजतंय. गंगीच्या फोटोत त्या जागी काय तरी कोटीचा आकडा निघाला. त्यानं तेवढ्यांची पानं मांडायला घेतली. जागा संपली, मेलं."

"पण म्हशीचा फोटो कोण पाठवणार आहे अक्का? डबे आपलेच आहेत!"

अक्कांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या असं करायला लागल्या की आम्ही खुर्च्या मागं घ्यायचो.

"प्रसाद, दारात एक पावणं आलं. म्हणालं, मागनं पाच हजार माणूस जेवायला येतंय. तू काय करशील? लगेच चूल पेटवून तांदूळ वैरशील? का आधी रस्त्यावर जाऊन बघशील, माणसं खरंच येत्यात का म्हणून?"

"बघेन."

"मग तुझ्या प्रोग्रामला बघाया शिकव की. पावण्याला च्या द्यावा. कोठाराची किल्ली देऊ ने."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाहेरून आलेली प्रत्येक फाइल म्हणजे पावणं. आदर करायचा, पण त्याच्या शब्दावर घर पणाला लावायचं नाही. प्रसाद दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी आकडा तपासायची सोय करून, न बोलताच त्यांच्या टेबलाशी उभा राहिला. अक्कांनी त्याला आपल्या जेवणाच्या डब्यातली गुळाची पोळी दिली. भांडण मिटवायची त्यांची रीत ती.

बाई दिसायला कशा होत्या म्हणाल तर ठेंगण्या, रुंद, आणि आवाज बाजार समितीत सौदा पुकारावा असा. गणितात एम.एस्सी. गडहिंग्लजला कॉलेजात काही वर्षं शिकवलेलं. माहेर-सासर दोन्ही तिकडचं, जैन शेतकरी घरातलं, म्हणून तिकडच्या कानडी वळणानं त्या सगळ्यांच्या अक्का. इंगवले साहेब त्यांच्यापेक्षा मोठे असूनही त्यांना अक्काच म्हणायचे. दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम. त्यामुळे संध्याकाळची कुठलीही मीटिंग सूर्याकडे बघून चालायची. कांदा, बटाटा, रताळं, जमिनीखालचं काही खायच्या नाहीत. प्रसाद म्हणायचा, "म्हणूनच ती सगळी भूक आमच्या प्रोग्रामवर काढतात. तिथं मात्र जमिनीखालचंच उकरायचं!" हे त्यांनी एकदा ऐकलं आणि इतक्या हसल्या की खालचा लेथ थांबला.

मोडून बघायची सवय ऑफिसपुरती नव्हती. माझ्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आल्या. भटजींनी पोथी उघडलेली, बायको नवी पैठणी नेसून बसलेली, पाहुणे हात जोडून. अक्कांनी आधी सगळ्या खोल्या हिंडून घेतल्या. मग गीझर लावला. मिक्सर लावला. सगळे पंखे, सगळे दिवे, इस्त्री. शेजारच्या खोलीतला एसीही लावला. मी तोंड उघडेपर्यंत फट्ट असा आवाज झाला आणि घरात अंधार. भटजींचा मंत्र हवेत लटकला.

"ओ पाटील," अंधारातून आवाज आला, "घर घेतलंयसा, पर सगळं एकदम लावून कुणी बघितलं न्हाय व्हय?"

बायकोनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती चिडली होती, हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्यानं भिंतीतली वायर ओढून काढली. ती एका जागी कोळसा झालेली होती. बायको त्या वायरीकडे बघत नुसती उभी राहिली. त्यानंतर आमच्याकडे कुठलंही कार्य असो, पहिलं ताट अक्कांचं, बटाट्याविना.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा प्रकार तिच्यावर उभा आहे. अक्का वाटेल ते मोडायच्या, पण एक करायच्या नाहीत आणि कुणाला करू द्यायच्या नाहीत. अर्ध्यात काही सोडायचं नाही. ताटावरून अर्ध्यात उठायचं नाही. बोलणं अर्ध्यात तोडायचं नाही. पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असताना कुणी तो ओढला तर त्या अशा ओरडायच्या, जणू पोराला अंगावरून ओढून काढलंय. "चालू कामातनं काढू ने! पाप लागतंय!" त्या स्वतः दिवा विझेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायच्या, देवळात बसावं तशा. आम्हाला ती गंमत वाटायची. आम्ही सगळ्यांनी ती सवय उचलली. सगळी कंपनी शिस्तीची झाली. केवढी शिस्त!

आणि दुसरी गोष्ट, त्यांचा 'पास'. आमच्याकडे कागदावर काय लिहिलंय याला किंमत नव्हती. अक्का उभ्या राहून, टेबलावर पालथा हात मारून 'पास' म्हणाल्या तरच सॉफ्टवेअर दाराबाहेर. हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत होतं. दूध संघाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, ते पडद्याच्या उद्घाटनाला नारळ घेऊन आले होते. फेटा बांधलेला, मागं फोटोवाला. साहेबांनी अक्कांकडे बघितलं.

"अजून न्हाय," अक्का म्हणाल्या.

साहेबांनी रुमाल काढला. "अक्का, आबा आलेत."

"आबांनी बसावं की. फाइलीत तापमानाच्या जागी उणे दोनशे आलं तर तुमचं हे पडतंय. सकाळी पडलंय."

मला वाटलं, आबा आता नारळ आमच्या डोक्यात फोडणार. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "बाई न्हाय म्हणाल्या न्हवं? मग न्हाय. माझ्या पोरींची स्थळं बघायला ह्यास्नी न्यायला पायजे हुतं." नारळ परत गेला. दोन आठवड्यांनी अक्का उठल्या, टेबलावर हात मारला. "पास!" कप उडाले. सगळ्या संघात सॉफ्टवेअर बसलं. आबा जिथं जातील तिथं सांगायचे, अक्कांनी पास केलंय म्हणजे डोळं झाकून झोपा.

आणि आली खंडेनवमी.

आमच्याकडची खंडेनवमी बाहेरच्या माणसाला सांगून कळायची नाही. शस्त्रांची पूजा म्हणतात, पण आता शस्त्रं कुठली? ज्यानं पोट भरतं ते शस्त्र. लेथला हार, ट्रॅक्टरला हार, पिठाच्या गिरणीला, रिक्षाला, झेरॉक्सच्या मशिनला. कागलच्या एमआयडीसीत त्या दिवशी यंत्रं नवरदेवासारखी उभी असतात. अक्कासुद्धा कीबोर्ड पुसून त्याला कुंकू लावायच्या; 'ज्याच्यावर जेवतो त्याला हात जोडावं, त्यात जात-धर्म काय बघायचा,' म्हणायच्या. सॉफ्टवेअर बसल्यानंतरची ती पहिलीच खंडेनवमी. आम्ही ऑफिसात पूजा मांडली होती. नमुन्याला भिंतीवर आमचाही पडदा चालू होता, संघातल्या सगळ्या केंद्रांचे ठिपके हिरवेगार. साहेबांनी नारळ वाढवला. मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. वर बघितलं तर पडदा काळा.

"अक्का," मी हसत म्हणालो, "आज सणाचं तरी म्हस नको हुती."

अक्का हसल्या नाहीत. त्यांच्या हातात कुंकवाची चिमूट होती. "मी काय न्हाय केलं," त्या म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात त्या बोलू शकतात हे मला तोवर माहीतच नव्हतं.

प्रसाद धावला. सॉफ्टवेअर पुन्हा चालू केलं. ठिपके उगवले, आणि गेले. पुन्हा चालू केलं. पुन्हा गेले. तेवढ्यात संघाच्या ऑफिसातून फोन: तिथलाही पडदा काळा. सगळ्या केंद्रांचा. घंटा नाही, ठिपका नाही, काही नाही. एवढ्या गावांचं दूध टाक्यांत आणि आम्ही आंधळे.

प्रसादनं आत आलेली फाइल उघडून बघितली आणि तोंडावर हात मारला.

काय झालं होतं ऐका. केंद्रावरच्या माणसांनी पूजेसाठी आमचा डबा पुसायला घेतला होता. ओलं फडकं लावायचं म्हणून, शहाण्या माणसासारखं, आधी प्लग काढला. डबा त्या वेळी फाइल लिहीत होता. डोक्यावर आधीच लिहिलेलं, आत तासाभराच्या नोंदी आहेत. पोटात त्याच्या अर्ध्याही नाहीत. पुसून, कुंकू लावून, हार घालून प्लग परत लावला. डबा जागा झाला आणि त्यानं ती अर्धी फाइल इमानदारीत पाठवून दिली. आकडा खोटा नव्हता. कोटीचा नव्हता. पाहुणा सज्जन होता. म्हणून आमच्या सॉफ्टवेअरनं त्याला आत घेतलं, नोंदी वाचत गेलं, वाचत गेलं, फाइल संपली तरी वाचत गेलं, आणि कड्यावरून पाय टाकावा तसं खाली. उठवलं की पहिल्यांदा तीच फाइल हातात घ्यायचं. पुन्हा खाली.

प्रसाद एकेक अर्धी फाइल हातानं बाजूला काढायला लागला. एक काढली की दुसऱ्या गावचा नारळ फुटायचा.

अक्का अजून तशाच उभ्या. चिमटीतलं कुंकू गळून साडीवर पडलेलं. "मी म्हस घातली," त्या म्हणाल्या. "लग्नाचा व्हिडिओ घातला. रिकामी फाइल घातली. उणं दोनशे घातलं." मग आमच्याकडे बघितलं. "पर अर्धी न्हाय घातली. माझा हातच गेला न्हाय वो. अर्ध्यात काढायचा."

खाली लेथ बंद होता, त्याला हार घातलेला.

मग एकाएकी बाईच्या अंगात वारं शिरलं. फोन घेतला आणि एकेका केंद्राला लावत सुटल्या. "हॅलो! मगदूम अक्का बोलालोय! हातातला थर्मामीटर घ्या, टाकीत बुडवा! पडदा बिघडलाय! व्हय, आत्ता! आरती ऱ्हाऊ दे!" एकेक केंद्र उत्तर देत गेलं. तीन अंश. चार अंश. साडेतीन. प्रत्येक उत्तराला त्या मान हलवायच्या. एका केंद्राचा फोन मात्र कुणी उचलेना. मुरगूडजवळचं गाव. पुन्हा लावला, पुन्हा वाजून बंद.

"पाटील, गाडी काढा."

अक्का माझ्या मोटारसायकलवर पहिल्यांदाच बसल्या. वाटेत प्रत्येक ट्रॅक्टरला झेंडूचा हार, प्रत्येक टेम्पोला उसाची मोळी, लोक हात दाखवून 'या पावणं, प्रसाद घ्या' म्हणत होते आणि आम्ही तसेच पुढं. अक्का मागून एकच म्हणत होत्या, "फोन का उचलंना?"

फोन उचलायला केंद्रावर कुणी नव्हतंच. पूजा झाल्यावर सगळे जेवायला घरी गेले होते. दुधावर नजर ठेवायला आमचा डबा होता ना! अक्कांचा पास झालेला! केंद्र बघणारे दत्तूमामा आम्हाला बघून पुरणाचे हात पुसत धावत आले. टाकी थंड करणाऱ्या यंत्राला भला थोरला झेंडूचा हार घातला होता. तो पंख्यात ओढला गेला होता, पाकळ्यांनी जाळी गच्च भरलेली. यंत्र तापून आपोआप बंद पडलं होतं. केव्हाचं, कुणास ठाऊक. ते सांगायचं काम आमच्या लाल ठिपक्याचं होतं.

मामांनी झाकण उघडलं. वास सांगायची गरज नाही. अक्कांनी तरी थर्मामीटर बुडवला, वाचला, आणि कुणाला काही न सांगता पुसून जागेवर ठेवला.

दूध ओतताना बघितलंय कधी? थेंबभर सांडलं तरी आपल्याकडं बाई जीभ चावते. इथं टाकीचा नळ सोडला आणि सगळ्या गावाचं सकाळचं दूध गटारीतून पांढरं पांढरं वाहायला लागलं. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, सणाच्या साड्यांत. त्यांतल्या एक इंदूबाई, दोन म्हशी राखणाऱ्या, पुढं आल्या. भांडायला नाही. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"अक्का, तुमच्या त्या टीव्हीनं सांगितलं न्हाय व्हय?"

गटारीतलं दूध संपेपर्यंत अक्का तिथून हलल्या नाहीत. सूर्य कलला, मी त्यांचा जेवणाचा डबा पुढं केला. त्यांनी हातानंच नको म्हटलं. त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटायच्या आधी साहेबांनी आम्हाला बोलावलं. म्हणाले, "आपण सगळ्या केंद्रांना कळवू. पूजेला डबा बंद करायचा नाही. चूक त्यांची आहे."

"चूक त्यांची?" अक्का उठल्या. त्यांचा आवाज परत आला होता. "साहेब, मानसं पूजा करणार. प्लग काढणार. लाइट जाणार, उंदीर वायर कुरतडणार. पावणं अर्धंच येणार कधी तरी. आमचं घर का पडलं, ते बघा. पास मी केलंतं."

प्रसादनं ते दुरुस्त केलं. फाइल कुठं संपते ते आधी मोजायचं. पोट डोक्याशी जुळलं नाही तर ती बाजूला ठेवायची, त्या एका केंद्राचा ठिपका पिवळा करायचा आणि बाकीच्यांची कामं चालू ठेवायची. डबा पुरता मुकाच झाला तर त्याचा ठिपका लाल आणि घंटा. काम उत्तम झालं. त्यानं अक्कांपुढं ठेवलं आणि वाट बघत उभा राहिला.

अक्कांनी बघितलं. अर्धी फाइल घातली. पाव घातली. शेवटचं एक अक्षर कापलेली घातली. चालू कामातून प्लग ओढले, स्वतःच्या हातानं, डोळे मिटून, दर वेळी 'पाप लागतंय' असं पुटपुटत. काही पडलं नाही.

"मग, पास?" प्रसाद म्हणाला.

"आजपुरतं चालू द्या."

आणि झालं. वर्षभर तो हात टेबलावर पडलाच नाही. आजपुरतं चालू द्या. आजपुरतं बरं हाय. साहेबांनी समजावलं, आबांनी येऊन समजावलं. गडहिंग्लजकडचा दुसरा संघ सॉफ्टवेअर घ्यायला तयार होता, पण त्यांचं एकच म्हणणं, 'अक्का पास म्हणू देत.' साहेब रोज सकाळी आशेनं टेबलाकडे बघायचे आणि कप जागच्या जागी. त्यात अक्कांच्या निवृत्तीचं वर्ष. प्रसाद एकदा मला जिन्यात म्हणाला, "त्या पास म्हटल्याशिवाय गेल्या तर मी आयुष्यभर ते सॉफ्टवेअर उघडून बघणार नाही." त्याचे डोळे भरलेले बघून मी हबकलो. हाच पोरगा म्हशीपायी दोन दिवस बोलला नव्हता.

पुढची खंडेनवमी. अक्का म्हणाल्या, "सगळ्या केंद्रांना सांगा, दरसालासारखी पूजा करा. काय ते काढा, पुसा, हार घाला. मी मुरगूडकडं असणार." आबा म्हणाले, मीही येतो.

केंद्रावर गर्दी. इंदूबाई पुढं. थंड यंत्राचा हार या वेळी जाळीपासून लांब, खिळ्याला बांधलेला. दत्तूमामांनी तो मला तीनदा दाखवला. मी फोनवर संघाचा पडदा लावून सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. पूजा सुरू झाली. गावोगावी प्लग निघाले. पडद्यावर एक ठिपका पिवळा. मग दुसरा. मग पिवळ्यांची रांगच. बाकीचे हिरवे. पडदा चालू. पिवळे एकेक करून परत हिरवे व्हायला लागले. आबांनी फेट्याखाली कपाळ पुसलं. सगळे अक्कांकडे वळले.

अक्कांनी हार घातलेल्या डब्याकडे बघितलं. मग पूजेच्या ताटातली तीर्थाची पळी उचलली, भरली, डब्याच्या बाजूच्या फटीला लावली आणि आत ओतली.

"अक्का!" मी ओरडलो. आबा ओरडले. दत्तूमामांनी तर दोन्ही हातांनी डोकं धरलं. डबा चिरकला, फुस्स असा आवाज, बारीक धूर, आणि दिवा विझला. हार तसाच. मेलेल्या माणसाला घालावा तसा.

फोन मी दोन्ही हातांनी धरला. पडद्यावर मुरगूडजवळचा तो एक ठिपका लाल झाला. घंटा वाजली, इतकी मोठी की इंदूबाई दचकल्या. आणि बाकीचे सगळे, सगळेच्या सगळे, हिरवे.

"बघा अक्का," इंदूबाई म्हणाल्या, "औंदा टीव्हीनं सांगितलं की."

अक्कांनी इकडंतिकडं टेबल शोधलं. टेबल नव्हतं. शेवटी टाकीवरच पालथा हात मारला. टाकी दुधानं भरलेली, आवाज घुमला.

"पास."

मग पदरानं डोळे पुसले आणि आबांना म्हणाल्या, "डबा तेवढा नवा बसवून घ्या. ह्यो मी न्हेतो."

निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. शाल-श्रीफळ म्हणून तो मेलेला डबाच त्यांनी मागून घेतला होता. त्याच संध्याकाळी मी त्यांना निपाणीच्या वाटेवर गडहिंग्लजच्या एस.टी.त बसवून दिलं. दिवस मावळायला थोडाच वेळ उरला होता, म्हणून जेवण उरकायची घाई होती. खिडकीशी बसल्या, मांडीवर हार घातलेला डबा, त्यावर पोळी ठेवून खायला लागल्या. ताटावरून अर्ध्यात उठू नये, म्हणून कंडक्टर शेजारी आला तरी घास पुरा केला. मग त्याच्या गळ्यातल्या तिकिटाच्या मशिनकडे त्यांचं लक्ष गेलं. चष्मा कपाळावर सरकला.

काचेतून आवाज येत नव्हता. गाडी सुटली तेव्हा एवढंच दिसलं, की मशीन अक्कांच्या हातात आहे, त्यातून अर्धं तिकीट बाहेर आलंय, आणि कंडक्टरनं दोन्ही हात वर केलेत.